पुडी आणि मुलाखत

मुलाखत हा शब्द मीं प्रथम वाचला तो इतिहासाच्या पुस्तकांत. दोन मोठे लोक एकमेकांस भेटले म्हणजे त्यांची मुलाखत झाली, असें त्यांत म्हटलेलें असे. आणि प्रतापगडाच्या पायथ्याशीं झालेल्या भेटीची हकीगत गुरुजींनीं इतक्या रंगांत येऊन सांगितली होती कीं, मुलाखतीस जावयाचें तें अंगरख्याखालीं चिलखत घालूनच, अशी माझी बालपणीं समजूत झाली होती. पुढें वयाच्या चाळिशींत नोकरीसाठीं मुलाखत देण्याचा प्रसंग मजवर आला, तेव्हां ही जुनी समजूत फारशी चुकीची नव्हती असें मला आढळून आलें. मात्र या मुलाखतींत चिलखत एकाच पक्षाच्या अंगावर होतें.

नोकरी होती वाशीमच्या एका मोठ्या दुकानांतली. दुकानाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. अशीं दुकानें आतां गांवोगांव झालीं आहेत, आणि एकांत जाऊन आलें कीं सगळ्यांत जाऊन आल्यासारखें होतें. तोच पांढरा लख्ख उजेड, तीच गार हवा, त्याच माणसाहून उंच फळ्या आणि दाराशीं त्याच ढकलगाड्यांची रांग. वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. एका राजघराण्याची येथें राजधानी होती. पुढें १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळें होऊन तें जिल्ह्याचें ठिकाण झालें. परंतु हें दुकान उघडलें त्या दिवशीं माझा एक मित्र म्हणाला, “आतां वाशीम खरा जिल्हा झाला!” आणि हा विनोद आहे असें ऐकणारांपैकीं कोणासहि वाटलें नाहीं.

मी मूळचा कारंज्याचा. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून आणि कापसाची जुनी बाजारपेठ म्हणून वऱ्हाडांत या गांवाची ख्याति आहे. तेथें आमचें किराण्याचें दुकान होतें. आजोबांच्या वेळीं माल मूर्तिजापुराहून शकुंतलेनें येई. ही शकुंतला म्हणजे कण्वाश्रमांतली नव्हे. इंग्रज कंपनीची, अरुंद रुळांवरून डुलत जाणारी आगगाडी. तीहि आतां बंद पडली आहे. बाबांनीं दुकान चव्वेचाळीस वर्षें चालविलें, आणि त्यांतलीं शेवटचीं पंधरासोळा वर्षें मी बी. कॉम. होऊन त्यांच्या जोडीला बसत असें. २०१४ आणि २०१५ अशीं लागोपाठ दोन वर्षें पावसानें दगा दिला. सोयाबीन शेंगांतच वाळलें. गिऱ्हाइकांची उधारी वहींत पडून राहिली, आणि ठोक व्यापाऱ्यांचें देणें मात्र दारांत येऊन उभें राहूं लागलें. २०१६ सालीं आम्हीं दुकान बंद केलें. मोठ्या दुकानानें आम्हांला मारलें असें म्हणणें सोयीचें आहे, आणि तसें म्हटलें म्हणजे ऐकणाराची सहानुभूतीहि मिळते. परंतु तें खरें नाहीं. मोठें दुकान आलें तेव्हां आमचें आटोपलेलेंच होतें.

मुलाखत घेण्याचा प्रकार आमच्या घरांत अगदींच अपरिचित होता असें मात्र नव्हे. दुकानांत पोऱ्या ठेवावयाचा झाला म्हणजे बाबाहि त्याची मुलाखत घेत. तींत तीन परीक्षा असत. पहिली परीक्षा पुडी बांधण्याची. रद्दीचा एक कागद, पावभर साखर आणि हातभर दोरा पोरापुढें टाकावयाचा आणि “बांध” म्हणावयाचें. तो कागदाचे कोपरे कसे मुडपतो, दोरा कसा फिरवतो, आणि बांधलेली पुडी उलटी धरली असतां एखादा कण खालीं पडतो कीं काय, हें बाबा पाहात. दुसरी परीक्षा तोंडच्या हिशेबाची. तिसरी परीक्षा कधीं झाली हें पोराला कळतहि नसे. आठपंधरा दिवस लोटले म्हणजे बाबा एखाद्या पोत्याआड किंवा गादीच्या कोपऱ्याखालीं एक नाणें ठेवून देत. पोऱ्यानें झाडतांना तें उचलून गल्ल्याजवळ आणून ठेवलें कीं तो घरचा झाला. मग त्याला दिवाळीस कपडे, आजारपणांत औषध आणि दुपारीं माझ्या आईच्या हातची भाकर. त्यानें आणून ठेवलें नाहीं, तर दुसऱ्या दिवसापासून त्यानें यावयाचें नाहीं. ही युक्ति बाबांची स्वतःची नव्हे. पेठेंतले कितीतरी दुकानदार ती वापरीत, आणि ती आपणच शोधून काढली असें प्रत्येकास वाटे.

वाशीमच्या मुलाखतीस आम्ही तीसपस्तीस जण होतों. बाकीचीं सगळीं वीसबावीस वर्षांचीं मुलें-मुली. कोणी रिसोडचीं, कोणी मालेगांवचीं. एक मुलगी मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून पहाटेची गाडी धरून आली होती. माझ्या शेजारच्या मुलानें मोठ्या आदरानें मला विचारलें, “काका, तुम्ही कोणाला घेऊन आले?” मी स्वतःलाच घेऊन आलों आहें, असें म्हणतांच तो बिचारा इतका ओशाळला कीं, त्यानें आपल्या बाटलींतलें पाणी मला देऊं केलें.

आधीं एक छापील कागद भरावयाचा होता. नांव, गांव, शिक्षण, पूर्वीचा अनुभव. अनुभवाच्या रकान्यांत काय लिहावें हें मला सुचेना. शेवटीं ‘घरचें दुकान’ एवढें लिहिलें. पंधरासोळा वर्षें दोन शब्दांत बसलीं. अगदीं शेवटीं एक प्रश्न होता : ‘दुसऱ्याची वस्तु अथवा पैसा त्याच्या परवानगीवांचून आपण कधीं घेतला आहे काय?’ पुढें ‘होय’ आणि ‘नाहीं’ असे दोन चौकोन. सगळ्यांनीं क्षणभरहि न थांबतां दुसऱ्या चौकोनांत खूण केली. मीहि केली. माझा हात मात्र तेथें किंचित् अडला. कां अडला तें पुढें सांगतों.

मुलाखत घेणारा तरुण मजहून चौदापंधरा वर्षांनीं लहान आणि अत्यंत सभ्य होता. “पांच वर्षांनीं तुम्ही स्वतःला कुठे पाहता?” असा त्यानें पहिला प्रश्न केला. हा प्रश्न मराठींत जन्मलेला नाहीं हें ऐकतांच कळतें. ज्या मुलखांत येत्या मृगाचा भरंवसा नाहीं, तेथल्या माणसानें पांच वर्षांपुढचें काय सांगावें? मी म्हणालों, “देवाच्या दयेनें वाशीमलाच.” त्यानें तें लिहून घेतलें.

नंतर त्यानें विचारलें, “समजा, बिल चारशे दहा रुपये झालं आणि गिऱ्हाइकाजवळ चारशेच आहेत. तुम्ही काय कराल?”

“दहा रुपये लिहून ठेवीन.”

“कुठे?”

हें त्यानें चेष्टेनें विचारलें नव्हतें. लिहावयाचें कोठें हें त्याला खरोखरीच कळेना. माझ्याहि तेव्हांच ध्यानांत आलें कीं, या एवढ्या दुकानांत मिठापासून गालिच्यापर्यंत सारें कांहीं आहे, फक्त वही नाहीं. एखादी वस्तु परत ठेवण्यास गिऱ्हाइकाला नम्रपणें सांगावें, हें बरोबर उत्तर होतें. तें त्यानेंच मला सांगितलें, आणि शेवटीं विचारलें, “दिवसाचे नऊ तास उभं राहणं जमेल?” मीं होकार दिला. तिसऱ्या दिवशीं नेमणुकीचें पत्र आलें.

या नोकरीची निंदा करण्यासाठीं मी लिहावयास बसलों नाहीं. तेथें पगार ठरल्या तारखेस थेट बँकेंत जमा होई. तांड्यावरून आलेली ती मुलगी माझ्याबरोबरच लागली. पहिला पगार झाला तेव्हां स्वतःच्या नांवाचें पासबुक तिनें आम्हां सगळ्यांना ओळीनें दाखविलें. माल घ्यावयास कोणीहि येवो, तो कोण, कोठला, हें कोणी विचारीत नसे. ज्यानें त्यानें हव्या त्या वस्तूला हात लावावा, ती उलटीसुलटी करून पाहावी आणि नको वाटल्यास परत ठेवावी. आमच्या दुकानांत गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे आणि माल पलीकडे; आणि आजोबांच्या काळीं तर कांहीं गिऱ्हाइकांना पायरीखालीं उभें करून त्यांच्या पदरांत माल वरून टाकीत, असें बाबांनींच मला एकदां खालच्या आवाजांत सांगितलें होतें. उधारीचीहि गोष्ट अशीच. अडल्यावेळीं लिहून ठेवणारी वही ही मोठी दयाळू वस्तु खरी. पण ज्याचें नांव तींत आहे तो दुसऱ्या दुकानाच्या पायरीवर चढूं शकत नाहीं, हें तिचें दुसरें अंग. मोठ्या दुकानांत दया नव्हती आणि मिंधेपणाहि नव्हता.

उभें राहणें मात्र मला फार जड गेलें. पहिल्या पंधरवड्यांत पायांना सूज येई आणि रात्रीं पोटऱ्या भिंतीला लावून निजावें लागे. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराला १८८१ सालीं, ऐन पोरवयांत, साउथसी येथील एका कापडाच्या दुकानांत उमेदवारीस ठेवलें होतें. दोन वर्षांनीं तो तेथून कसाबसा सुटला, आणि त्या कोंडमाऱ्याचें चित्र त्यानें पुढें १९०५ सालीं ‘किप्स’ या कादंबरींत काढलें. कॉलेजांत ती वाचतांना मला मौज वाटली होती. तिच्यांतलें दुःख समजण्यास माझ्या पोटऱ्यांची साक्ष लागली. केरळांत तर कापडदुकानांतल्या स्त्रियांनीं केवळ बसावयास मिळावें म्हणून चळवळ केली, आणि २०१८ सालीं तेथील सरकारनें कायदा सुधारून नोकरांना बसण्याची सोय देणें मालकांना भाग पाडलें. तामिळनाडूनें २०२१ सालीं तेंच केलें. बसणें हाहि एक हक्क आहे, आणि तो मागून घ्यावा लागतो, हें मला तोंवर कधीं सुचलें नव्हतें. सुचणार कसें? मी गादीवर बसलेला होतों. बाबा चव्वेचाळीस वर्षें बसूनच होते. पोऱ्या उभा असे. त्याच्यासाठीं आमच्या दुकानांत साधा पाटहि नव्हता. दुकानांतल्या नोकराला कामाचे ठराविक तास आणि आठवड्याची सुट्टी असावी म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९४७ सालींच कायदा झाला होता. तो आमच्या पायरीपर्यंत कधीं पोंचला नाहीं, आणि न पोंचल्याची खंतहि आम्हांला कधीं वाटली नाहीं.

गिऱ्हाइकानें आपल्या हातानें माल उचलून घ्यावा ही कल्पना फार जुनी नाहीं. अमेरिकेंतील मेम्फिस शहरीं क्लॅरेन्स साँडर्स यानें १९१६ सालीं ‘पिगली विगली’ नांवाचें दुकान उघडलें, तेथून ती पसरली. तीमुळें माल स्वस्त झाला, वेळ वांचला. पण दुकानदाराच्या जिवाला एक नवी धास्ती लागली. फळीआडचा माल उघड्यावर आला, तेव्हां डोळा ठेवणें आलें. आणि डोळा ठेवण्याची एकदां संवय लागली म्हणजे तो गिऱ्हाइकावर थांबत नाहीं, नोकरावरहि ठरतो. आमच्या गणवेषाचे खिसे शिवून बंद केलेले होते. रात्रीं दुकान मिटल्यावर आम्ही मागल्या दारापाशीं रांगेनें उभे राहात असूं. पुरुषांची झडती एक रखवालदार घेई, बायकांची एक बाई घेई. हात वर करावयाचे, मागें वळावयाचें, डबा उघडून दाखवावयाचा. तो रखवालदार भला माणूस होता. माझे हात वर गेले कीं तो दुसरीकडे पाहात असे, आणि “चला काका,” म्हणे. तें त्याचें दुसरीकडे पाहणेंच मला अधिक लागे. तरुण मुलें रांगेंत चेष्टामस्करी करीत. माझ्या मनांत मात्र रोज तोच छापील प्रश्न आणि ते दोन चौकोन उभे राहात.

आतां तें सांगितलें पाहिजे. १९८८ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतों. आमच्या दुकानांत तेव्हां जो पोऱ्या होता तो तेराचौदा वर्षांचा असेल. त्याचें नांव मी येथें लिहीत नाहीं. तो कोठेंतरी संसार करीत असेल. त्याच्यासारखी पुडी त्याच्या आधीं कोणी बांधली नाहीं आणि नंतरहि नाहीं. मला तो रिकाम्या आगपेट्यांची गाडी करून देई. त्याला येऊन सव्वा वर्ष झालें होतें. पहिल्या परीक्षेंत तो केव्हांच उतरला होता. पण त्या आठवड्यांत गल्ल्यांत कांहीं चूक निघाली, आणि बाबांनीं पुन्हां एकदां तुरीच्या पोत्याआड रुपयाचें नाणें ठेवलें. शाळेंतून येऊन मी पोत्यांमागें लपंडाव खेळत होतों. नाणें मला दिसलें. तें कां ठेवलेलें असतें हें मला ठाऊक होतें. तरी मीं उचललें, आणि चौकांत जाऊन बर्फाचा गोळा खाल्ला आणि दोन पतंग घेतले.

संध्याकाळीं बाबांनीं त्याला विचारलें. तो म्हणाला, “मला नाही सापडला जी.” बाबांनीं त्याला मारलें नाहीं, शिवीहि दिली नाहीं. “उद्यापासून येऊ नको,” इतकेंच म्हणाले. तें पेठेंत अर्थातच समजलें, आणि दुसऱ्या कोणीहि त्याला ठेवलें नाहीं. चारसहा दिवसांनीं त्याची आई आली. ती पायरीखालीं उभी राहून बोलत होती, आणि मी आंत गादीवर बसून त्रैराशिकाचीं गणितें सोडवीत होतों. एकहि गणित चुकलें नाहीं, हें मला आजहि आठवतें.

तीस वर्षें मीं हें कोणास सांगितलें नाहीं. बायकोलाहि नाहीं. मधूनमधून आठवण होई, पण आठवण होणें म्हणजेच प्रायश्चित्त होणें अशी आपण आपली समजूत करून घेतों. ती समजूत मागल्या दारांतल्या झडतीनें मोडली. रोज रात्रीं हात वर करून उभें राहिलें असतां मला वाटे, याला उगीच संशय म्हणतात. हा माणूस अगदीं योग्य माणसाची झडती घेत आहे, फक्त तीस वर्षें उशीर झाला आहे. आणि त्याबरोबर आणखीहि एक वाटे. येथें झडती सगळ्यांची होते. व्यवस्थापकाचीहि होते, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. आमच्या दुकानांतली परीक्षा फक्त एकाचीच होती. तीच परीक्षा मालकाच्या मुलाची घेण्याचें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसतें. आणि घेतली असती, तर पहिल्याच खेपेला तो नापास झाला असता.

दुसऱ्या महिन्यांतल्या एका सुट्टीच्या दिवशीं मी कारंज्याला गेलों आणि बाबांना सगळें सांगितलें. त्यांची दृष्टि तेव्हां अधू झाली होती. ते ओसरीवर बसून ऐकत होते. माझें बोलणें संपल्यावर बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मला वाटलें, आतां ते रागावतील. आणि खरें सांगावयाचें तर ते रागावावेत अशी माझी इच्छा होती. ते म्हणाले, “पुडी चांगली बांधे तो.” नंतर थोड्या वेळानें : “पोट्टा नाही म्हणत होता ना. म्याच आयकलं नाही.”

मग त्यांनीं मला माळ्यावरचा वह्यांचा गठ्ठा खालीं काढावयास सांगितलें. दुकान मिटलें तरी वह्या त्यांनीं टाकल्या नव्हत्या. १९८८ सालची वही सांपडली. पोऱ्याच्या खात्यावर महिन्याचा पगार मांडलेला होता, आणि ज्या महिन्यांत तो गेला त्या महिन्याचे अकरा दिवस तसेच राहिले होते. ते दिलेच नव्हते. चोराला कोण देतो? बाबांनीं मला शेवटची, अर्धी कोरी राहिलेली वही आणावयास सांगितली आणि तींत एक नवें पान घालावयास लावलें. वर त्या मुलाचें नांव. जमेच्या बाजूस अकरा दिवसांचा पगार. त्याखालीं काय लिहूं म्हणून मीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “एक रुपया लिही. तो आपल्यावर राह्यला.” तो रुपया त्या मुलाचा कधींच नव्हता, हिशेबाच्या दृष्टीनें ही नोंद चुकीची होते, असें मी बी. कॉम. झालेला मनुष्य म्हणणार होतों. पण गप्प बसलों आणि लिहिलें.

पुढच्या दोन सुट्ट्या मीं त्याच्या गांवीं शोध करण्यांत घालविल्या. घराच्या जागीं दुसऱ्याचें घर होतें. आई वारली होती. मुलगा पुष्कळ वर्षांपूर्वीं पुण्याकडे गेला असें एक म्हातारा म्हणाला, दुसऱ्यानें सुरत सांगितलें. तो तेथें काय करतो, हें कोणासहि ठाऊक नव्हतें.

मोठ्या दुकानांत मीं तीन वर्षें काढलीं. आतां मी एका डाळीच्या गिरणींत हिशेब लिहितों आणि बसून लिहितों. बाबा दोन वर्षांपूर्वीं गेले. गठ्ठ्यांतल्या इतर वह्या मीं विकल्या. बुडालेल्या उधारीच्या त्या याद्या जपून ठेवण्यांत अर्थ नव्हता. शेवटची वही मात्र ठेवली आहे. तींतलीं सगळीं खातीं बाबांच्या हयातींतच आडवी रेघ ओढून बंद केलेलीं आहेत. एकच पान उघडें आहे, आणि त्यावर देणें आमच्याकडे निघतें.